न दुखणारी गाठ

(कोल्हापूर येथे झालेल्या सार्वजनिक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची लय शक्य तेवढी तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघा जुन्या सहकाऱ्यांचे फोन आले. म्हणाले, "सर, स्तनांच्या कर्करोगावर तुम्ही काय बोलणार? एखाद्या डॉक्टर बाईंना बोलवायला सांगा." त्यांचं म्हणणं रास्त आहे. औषधोपचार हा माझा प्रांत नाही. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण या रोगाला एक इतिहास आहे. माणसांना तो कसा कळत गेला, आणि कळूनही लोक गप्प का राहिले, असा तो इतिहास आहे. त्यावर मी बोलू शकतो. बोलण्याला एक घरगुती कारणही आहे, ते आधीच सांगून टाकतो.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणायचो. शिरोळ तालुक्यात दिली होती. १९८४ साली ती ४४ वर्षांची होती. आंघोळ करताना तिच्या बोटांना डाव्या बाजूला गाठ लागली, हरभऱ्याएवढी. तिनं कुणाला सांगितलं नाही. अकरा महिने. मग एकदा जावेला सांगितलं, तेही गाठ आता पदराखाली लपेना म्हणून. जावेनं दाजींना सांगितलं. दाजींनी एका डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "दुधाची गाठ आहे, विरघळेल." तिचं धाकटं मूल तेव्हा नऊ वर्षांचं होतं! पण डॉक्टर म्हणाले म्हटल्यावर घरात हायसं वाटलं. त्यात आणखी चार महिने गेले. मग मुंबई. दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेत राहून परळला फेऱ्या. १९८६ च्या पावसाळ्यात अक्का गेली.

त्या अकरा महिन्यांमध्ये एक दिवाळी आली होती. भाऊबीजेला मी तिच्याकडे गेलो होतो. तिनं ओवाळलं, करंज्या बांधून दिल्या, स्टँडपर्यंत पोचवायला आली. गाठ तेव्हा होती. नंतर परळला मी तिला विचारलं, "अक्के, तेव्हाच का नाही बोललीस?" ती म्हणाली, "दुखत न्हवतं रे. दुखलं असतं तर सांगितलं असतं."

आता यातली गंमत बघा. गंमत कसली, शरमेची गोष्ट आहे. मला तेव्हा पीएच. डी. मिळून तीन वर्षं झाली होती आणि माझ्या प्रबंधाचा विषय होता 'अनुपलब्धी'. म्हणजे एखादी वस्तू 'नाही' हे आपल्याला कसं कळतं? शास्त्रातलं उदाहरण घड्याचं आहे. जमिनीवर घडा नाही, हे ज्ञान आपल्याला कुठून मिळालं? भाट्ट मीमांसक म्हणतात, घडा दिसत नाही यावरूनच. पण त्याला ते एक अट घालतात. ती वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही, म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. या अटीवर मी जवळजवळ ऐंशी पानं लिहिली होती. आणि माझी सख्खी बहीण 'दुखत नाही, म्हणजे रोग नाही' असं समजून चालली होती, तेव्हा मी करंज्या घेऊन एस.टी.त बसलो. स्तनाचा कर्करोग सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. तो असता तरी दुखला नसता. म्हणजे न दुखण्यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. अंधारातला घडा!

हे जुन्या लोकांना ठाऊक नव्हतं असंही नाही. सुश्रुतसंहितेत 'अर्बुदा'चं वर्णन आहे. गोल, एका जागी स्थिर, खोल मूळ असलेली, सावकाश वाढणारी, न पिकणारी गाठ. आणि त्या वर्णनात एक शब्द आहे, 'मंदरुज'. रुजा म्हणजे वेदना; तिची वेदना मंद असते. आजच्या सर्जनलाही हे वर्णन ओळखीचं वाटेल. इजिप्तमध्ये सापडलेल्या एडविन स्मिथ पपायरस नावाच्या प्राचीन शस्त्रक्रियाग्रंथात स्तनावरच्या उंचवट्यांची नोंद आहे आणि पुढे सरळ लिहिलं आहे की यावर उपचार नाही. वैद्यानं आपली मर्यादा इतक्या स्वच्छ शब्दांत लिहून ठेवावी, हे मला फार प्रामाणिक वाटतं. पण 'उपचार नाही' हे वाक्य पुढे हजारो वर्षं लोकांच्या मनात घर करून बसलं, आणि उपचार आल्यावरही ते हललं नाही. 

आता आपल्या गावाकडे येऊ. सीपीआर दवाखान्यापुढून आपण रोज जातो. त्याचं जुनं नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. १८८६ साली कोल्हापूर दरबारानं या दवाखान्याच्या स्त्री-विभागाची प्रमुख म्हणून कुणाला नेमलं, माहीत आहे? डॉ. आनंदीबाई जोशी यांना! आनंदीबाईंचं नाव सगळ्यांना ठाऊक, पण त्यांची नेमणूक आपल्या गावातली होती हे पुष्कळांना माहीत नसतं. त्यांच्या अमेरिकेच्या वाटेचा एक धागाही इथलाच. गोपाळराव नोकरीनिमित्त कोल्हापुरात होते. बायकोला अमेरिकेत शिकवण्यासाठी मदत मागणारं पत्र त्यांनी इथून, कोल्हापूरला पूर्वी काम केलेल्या विल्डर या मिशनऱ्यांना लिहिलं. ते विल्डर यांच्या मासिकात छापून आलं आणि न्यू जर्सीच्या कार्पेंटर बाईंच्या वाचनात आलं. पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहे.

मुद्दा असा, की दरबाराला बाई डॉक्टर का हवी होती? कारण बायका पुरुष डॉक्टरला अंग दाखवत नव्हत्या. आनंदीबाईंनी निघण्यापूर्वी, १८८३ मध्ये, श्रीरामपूरला (बंगालमधल्या बरं का, आपल्या नगरच्या नव्हे) भाषण केलं, त्यात हेच कारण दिलं होतं: हिंदू स्त्रियांना स्त्री डॉक्टरची गरज आहे. मार्च १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन बाहेर पडल्या. परतल्या त्या क्षय घेऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या, २२ वर्षंही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरची ती खुर्ची त्यांच्यासाठी रिकामीच राहिली. पुढे आपल्याच गावच्या कृष्णाबाई केळवकर डॉक्टर झाल्या. त्यांच्या मातोश्री रखमाबाई केळवकर यांच्याकडे मिस लिटल यांच्यानंतर इथल्या स्त्रीशिक्षणाचं काम होतं. शाहू महाराजांनी कृष्णाबाईंना पाठबळ दिलं, परदेशी शिकायला पाठवलं, आणि त्यांनी याच दवाखान्यात काम केलं. म्हणजे बाईला तपासणारा हात बाईचा असावा, ही गोष्ट कोल्हापुरानं फार लवकर ओळखली होती. मग शंभर वर्षांनी, इथून तीस मैलांवर राहणाऱ्या माझ्या अक्कापर्यंत तो हात का पोचला नाही? आजच्या व्याख्यानाचा प्रश्न हाच आहे, असं समजा.

आधी रोग कुणाला होतो, याचा इतिहास थोडक्यात बघू. इटलीत रामाझ्झिनी नावाचा वैद्य होऊन गेला. कुठल्या धंद्यातल्या माणसाला कुठला रोग होतो, यावर त्यानं १७०० साली पुस्तक लिहिलं. त्याच्या लक्षात आलं, मठातल्या जोगिणींमध्ये स्तनाचा कर्करोग जास्त दिसतो. कारण त्याला नीट सांगता आलं नाही, पण निरीक्षण पक्कं होतं. १९२६ मध्ये इंग्लंडमध्ये जेनेट लेन-क्लेपॉन या डॉक्टर बाईंनी रोग झालेल्या सुमारे ५०० आणि न झालेल्या सुमारे ५०० स्त्रियांची माहिती शेजारी शेजारी मांडली. लग्न न झालेल्या, उशिरा झालेल्या, मुलं कमी असलेल्या, अंगावर कमी पाजलेल्या स्त्रियांमध्ये रोग जास्त. आज ज्याला साथरोगशास्त्र म्हणतात, त्यातली ही मोठी पायरी. आपल्याकडे मुंबईत १९६३ मध्ये डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकारानं देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्यातून पारशी स्त्रियांमध्ये हा रोग इतरांपेक्षा जास्त असल्याचं दिसलं. पारशी समाजात लग्नं उशिरा आणि मुलं कमी. सगळं कारण तेवढंच नाही, पण धागा जुळतो.

वाढतं वय, पाळी लवकर येणं आणि उशिरा जाणं, पाळी गेल्यानंतरचं लठ्ठपण, दारू, आई-बहिणीला असलेला रोग, या गोष्टींनी धोका वाढतो. रक्ताच्या नात्यातून सरळ येणारे स्तनाचे कर्करोग साधारण ५ ते १० टक्केच. हे मी मुद्दाम सांगतो, कारण "आमच्या घरात कुणाला नाही" हे वाक्य फार ऐकू येतं. अक्काला चार मुलं. पहिलं विसाव्या वर्षी. चौघांना अंगावर पाजलेलं. तिनं आयुष्यात चहापलीकडे काही घेतलं नाही. तरी झाला. मग गावातल्या बायका काय म्हणायला लागल्या? "हिला कसा झाला? काहीतरी असणार." धोका हा हजारांच्या जमावाचा हिशेब असतो. एका बाईच्या चारित्र्याचा दाखला त्यातून निघत नाही. रोगाबरोबर अक्काला हेही सोसावं लागलं. आणि जाता जाता, हा रोग पुरुषांनाही होतो. शंभरातला एखादाच, पण होतो. समोर बसलेल्या मंडळींनी आपल्याही छातीवरची गाठ गंमतीवारी नेऊ नये.

गप्प राहण्यामागे दुसरी भीती शस्त्रक्रियेची. ती निराधार नव्हती. १८११ मध्ये पॅरिसमध्ये इंग्रज लेखिका फॅनी बर्नी हिचा स्तन भुलीशिवाय कापला गेला. नंतर तिनं ते सगळं आपल्या बहिणीला पत्रानं कळवलं. ते पत्र मी एकदा वाचलं, पुन्हा वाचणार नाही. जपानमध्ये हानाओका सेईशू या वैद्यानं त्याआधी सात वर्षं, १८०४ मध्ये, वनस्पतींच्या काढ्यानं भूल देऊन स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केली होती. पण ते पॅरिसला कुठून कळणार? पुढे अमेरिकेत हॉलस्टेडनं स्तन, खालचे स्नायू, काखेतल्या गाठी असं सगळं एकत्र काढण्याची पद्धत रूढ केली, आणि तीच पाऊणशे वर्षं चालली. बाईचा हात सुजायचा, छाती खोलगट व्हायची. १९७० नंतर अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत व्हेरोनेसी यांनी शेकडो रुग्णांवर पद्धतशीर तुलना करून दाखवलं, की लवकरच्या टप्प्यात नुसती गाठ काढून लाईट दिले, तरी बाई तितकीच जगते. "गेलं की सगळं कापतात" ही जी समजूत आहे, ती हॉलस्टेडच्या काळातली आहे. गाठ लहान असताना गेलं, तर पुष्कळदा स्तन राहतो. उशिरा गेलं तर काढावा लागतो.

आता लवकर सापडण्याचा प्रश्न. न्यूयॉर्कमध्ये १९६३ पासून सुमारे ६२,००० स्त्रियांवर मॅमोग्राफीची मोठी चाचणी झाली आणि फायदा दिसला. पण मॅमोग्राफी म्हणजे यंत्र, फिल्म, ती वाचणारा तज्ज्ञ. कुठून आणायचं ते गावोगाव? मग वाटलं, बायकांनाच स्वतःची तपासणी शिकवू. चीनमध्ये शांघायच्या कापड गिरण्यांतल्या २,६६,०६४ स्त्रियांवर हे करून पाहिलं. अर्ध्यांना नीट शिकवलं, पुन्हा पुन्हा उजळणी घेतली. दहा वर्षांनी हिशेब केला, तर दोन्ही गटांत मृत्यू सारखेच! शिकवलेल्या गटात साध्या गाठींचे तुकडे तेवढे जास्त काढले गेले. हे २००२ साली प्रसिद्ध झालं आणि पुष्कळांची निराशा झाली. त्याचा अर्थ स्वतःचं शरीर ओळखू नका असा नाही. दर महिन्याला नेमानं पारायण केल्यासारखी तपासणी केली की झालं, ही समजूत मात्र टिकली नाही.

मग आपल्या मुंबईत काय झालं? टाटा हॉस्पिटल १९४१ पासून परळला उभं आहे. तिथल्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये एक चाचणी सुरू केली. ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रिया. वस्त्यांचे वीस गट, दहा एका बाजूला, दहा दुसऱ्या बाजूला. पहिल्या दहांत दर दोन वर्षांनी, चार वेळा, हातानं स्तनांची तपासणी. तपासणार कोण? डॉक्टर नव्हे, नर्सही नव्हे. दहावीपर्यंत शिकलेल्या बायका, ज्यांना त्याच कामाचं शिक्षण दिलं होतं. यंत्र नाही, वीज नाही. बोटं. संशय आला की परळला पाठवायचं. दुसऱ्या दहा गटांना एकदा माहिती दिली आणि मग दोघांवरही वीस वर्षं लक्ष ठेवलं.

२०२१ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. तपासलेल्या वस्त्यांत रोग पुढच्या, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडण्याचं प्रमाण ३७ टक्के. दुसरीकडे ४७ टक्के. एकूण मृत्यू १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण संख्याशास्त्र म्हणतं तेवढा फरक योगायोगानंही पडू शकतो. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत मात्र मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी, आणि हा फरक भक्कम. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये तसा ठळक फायदा दिसला नाही.

हे मी दोनदा वाचलं. अक्का ४४ची होती. तेव्हा ही चाचणी माझ्या बाजूनं साक्ष देते, असं मला म्हणता येत नाही. पण इथे एक भेद आहे. काहीच लक्षण नसताना सरसकट सगळ्यांना तपासणं, याला स्क्रीनिंग म्हणतात. मित्रांची चाचणी त्याबद्दल आहे. गाठ हाताला लागली आहे आणि बाई घरात बसली आहे, ही गोष्ट वेगळी. तिथे वय कुठलंही असो, हरभऱ्याएवढी गाठ घेऊन जाणं आणि लिंबाएवढी घेऊन जाणं यांत फरक पडतो, याबद्दल डॉक्टरांमध्ये दुमत नाही. आणि त्या वस्त्यांमध्ये नेमकं काय घडलं असेल, याचा मी विचार करतो तेव्हा मला बोटांपेक्षा दारात येणारी बाई दिसते. तिनं विचारलं. दर दोन वर्षांनी कुणीतरी येऊन "काही गाठ-बीठ लागते का?" असं विचारतं. अक्काच्या घरात नऊ माणसं होती. कुणी विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

या चाचणीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचीही तपासणी होती, आणि त्यावरून पुढे परदेशात टीका झाली: दुसऱ्या गटातल्या बायकांना तपासणी का दिली नाही? मी नीतिशास्त्र शिकवलेला माणूस, मला ही टीका झटकता येत नाही. समर्थकांचं उत्तर असं, की त्या वस्त्यांमध्ये एरवीही तपासणी नव्हतीच, आणि फायदा होतो हे सिद्ध झाल्याशिवाय सरकार गावोगाव खर्च करणार नाही. दोन्ही म्हणणी खरी आहेत. आजच्या बायकांच्या पुराव्यासाठी कालच्या बायकांनी किंमत मोजली, एवढं तरी आपण नाव घेऊन मान्य करावं.

बार्शीचं उदाहरण मला याहून जवळचं वाटतं. १९८७ मध्ये बार्शी, परांडा, भूम या भागात देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गावात दवाखाने कमी, मग नोंद करायची कशी? कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, लक्षणं सांगितली, संशय असेल त्यांना बार्शीला यायला सांगितलं. काम खरं तर आकडे गोळा करण्याचं. पण काही वर्षांत लक्षात आलं, की गर्भाशयमुखाचा कर्करोग घेऊन येणाऱ्या बायका आता पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात येतायत. नुसत्या बोलण्यानं! मोजायला गेले आणि मोजण्यानंच आकडा बदलला.

आज हा रोग भारतातल्या स्त्रियांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग झाला आहे. २०२२ च्या अंदाजानुसार वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण, सुमारे ९८ हजार मृत्यू. केंद्र सरकारनं २०१६ मध्ये ठरवलं, की तिशीपुढच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी हातानं स्तनतपासणी करायची. कागद उत्तम आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारलं, अशी तपासणी कधी झाली का? 'हो' म्हणणाऱ्या शंभरात एकसुद्धा नव्हत्या. तेव्हा उपकेंद्रातल्या ताई तपासणीसाठी बोलावतील त्या दिवशी "आज कामं आहेत" म्हणू नका, आणि त्या बोलावत नसतील तर आपण जाऊन विचारा.

काय बघायचं, तेही सांगतो. डॉक्टर स्नेह्यांकडून तपासून घेतलं आहे. स्तनात किंवा काखेत घट्ट गाठ, मग ती दुखो न दुखो. बोंड आत ओढलं जाणं. बोंडातून रक्त किंवा रक्तमिश्रित पाणी. कातडीला खळी पडणं किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी दिसणं. एका बाजूचा आकार बदलणं. बऱ्या न होणाऱ्या जखमेसारखं काही. यांतली बहुतेक लक्षणं साध्या कारणांनीही असतात, बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण 'साधी आहे' हे ठरवायचं डॉक्टरांनी, तेही हात लावून, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी करून, गरज पडली तर सुईनं तुकडा काढून. नुसतं बघून "दुधाची गाठ" म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारा, नाहीतर दुसऱ्या डॉक्टरकडे जा. तुकडा काढला की रोग पसरतो, असं अजून सुशिक्षित घरांतही बोलतात. ते खरं नाही.

अक्काची थोरली मुलगी आता साठीला आली. इचलकरंजीत असते. आई गेली तेव्हा तिचं नुकतंच लग्न झालं होतं, आणि सासरी आईचा रोग सांगितला नव्हता. सांगितला होता तो 'पोटाचा आजार'. गेल्या वर्षी एका संध्याकाळी तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलणं झालं, ऊस, पाऊस, नातवाची परीक्षा. मग म्हणाली, "मामा, मला गाठ लागली होती. परवा सोनोग्राफी केली, सुई घातली. साधी निघाली." मी विचारलं, "घरात कुणाला सांगितलंस?" तर म्हणाली, "पहिल्या दिवशीच. सुनेनंच नेलं गाडीवरनं."

चला, आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताई मघापासून हात वर करून बसल्यात, त्यांना माइक द्या आधी.